मधुमेह : जुना रोग, जुने पथ्य, नवे औषध



गावच्या आरोग्य केंद्रात बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब तपासतात आणि एखाद्या चाळिशी-पंचेचाळिशीच्या गृहस्थाला सांगतात, “काका, तुमची शुगर वाढलेली आहे.” उपाशीपोटी पुन्हा तपासणी होते आणि मधुमेह असल्याचे नक्की ठरते. अशा वेळी आपल्या भंडारा जिल्ह्यातला माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला प्रश्न असा की, मी तर गोडधोड खात नाही, मग ही साखर माझ्या रक्तात आली कोठून? आणि दुसरा असा की, हा तर शहरातल्या, गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग. धानाच्या बांधीत चिखल तुडवणाऱ्याला तो कसा झाला?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे या रोगाच्या इतिहासात सापडतात. म्हणून आज आपण आधी थोडे मागे जाऊ, आणि मग नुकताच मधुमेह निघालेल्या माणसाने काय करावे, याचा विचार करू.

वैनगंगेच्या काठी पवनी हे आपले जुने गाव. १९६९-७० साली तेथे उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. पवनी भरभराटीला होती, साधारण त्या काळाच्या आसपास आपल्या देशातील वैद्य या रोगाचे वर्णन करीत होते. चरक आणि सुश्रुत यांच्या नावाने चालत आलेल्या संहितांत ‘प्रमेह’ या नावाखाली लघवीचे वीस विकार सांगितले आहेत. दहा कफाचे, सहा पित्ताचे आणि चार वाताचे. मधुमेह हा त्यांपैकीच एक. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे त्या वैद्यांनी टिपून ठेवले होते. त्यांच्याजवळ काचेची नळी नव्हती, रसायन नव्हते. मुंगी हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

रोगाची कारणे सांगताना चरकाने बैठी सुखासीन राहणी, फार झोप, दही-दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावे घेतली आहेत. बघा, नुसत्या गोडावर त्याने बोट ठेवले नाही. बैठक, झोप आणि धान्य हीही त्याच्या यादीत आहेत.

सुश्रुताने आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली. प्रमेहाचे रोगी दोन तऱ्हेचे असतात. एकाला तो आईबापांकडून, जन्मतः येतो. तो माणूस कृश असतो, त्याला तहान फार लागते. दुसऱ्याला तो अपथ्याने जडतो. तो स्थूल असतो, खातो भरपूर आणि बसून राहतो. मग उपायही दोन सांगितले. जो दुसऱ्या तऱ्हेचा आहे आणि गरीब आहे, त्याने जोडा-छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने चालावे. चार कोसांचे योजन धरले तर हे चारशे कोस झाले! धनवानाने श्यामाक आणि नीवार खाऊन रानात राहावे. श्यामाक म्हणजे सावा, आणि नीवार म्हणजे आपल्या मायबहिणी ऋषिपंचमीला खातात तो देवभात. कोणी सतत गाईंच्या मागे हिंडावे, कोणी नांगर धरावा, कोणी विहीर खणावी. आणि शेवटी एक लहानसे वाक्य आहे, त्याचा आशय असा : कृश रोग्याला मात्र जपावे. त्याला उपाशी मारू नये, दमवू नये. हे वाक्य ध्यानात ठेवा. आपल्या भागात त्याची फार गरज आहे.

आता दूर देशी जाऊ. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अरेटिअस नावाच्या ग्रीक वैद्याने या रोगाचे वर्णन करताना म्हटले की, शरीराचे मांस जणू विरघळून लघवीवाटे वाहून जाते. ‘डायबेटीस’ या ग्रीक शब्दाचा अर्थच आरपार वाहून जाणे असा आहे. १६७४ मध्ये टॉमस विलिस या इंग्रज डॉक्टराने लघवी गोड असते असे लिहिले. पुढे १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसनने ती लघवी आटवून पाहिली, तर खाली साखरेसारखा पांढरा गोळा उरला. त्याने रक्तातील पाणीही चाखून पाहिले. तेही गोड लागले. साखर मुळात रक्तात वाढते आणि मग लघवीत उतरते, ही गोष्ट येथून कळू लागली.

हे नीट समजायला आपल्या मालगुजारी तलावाचा दाखला घेऊ. कोहळी मंडळींनी बांधलेले तलाव आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. तलावात पाणी साठते, तुडुमातून ते पाटात जाते आणि पाटातून बांध्यांत. शरीराचेही तसेच आहे. आपण भात खाल्ला, भाकरी खाल्ली, की पोटात तिची साखर होते आणि ती रक्तात येते. तो झाला तलाव. स्नायू ही आपली शेते. त्यांना साखर हवी असते, पण तुडूम उघडल्याखेरीज ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ते उघडण्याचे काम इन्शुलिन नावाचा रस करतो. तो पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतो.

मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात, जो बहुधा लहान वयात होतो, तुडूम उघडणारा माणूसच उरत नाही. इन्शुलिन जवळजवळ संपते. दुसऱ्या प्रकारात माणूस असतो, पण तुडूम गंजलेले असते. तो जोर लावून लावून थकतो, आणि हळूहळू त्याचा जोरही कमी होतो. शेते कोरडी राहतात, म्हणून अंगात थकवा येतो. इकडे तलाव मात्र तुडुंब भरतो आणि शेवटी सांडव्यावरून पाणी वाहू लागते. लघवीत साखर उतरते ती अशी. जुन्या वैद्यांना मुंग्यांनी दाखवले ते सांडव्यावरचे पाणी. आज रक्त तपासून आपण पाणी सांडव्याशी येण्याच्या कितीतरी आधी तलावाची पातळी मोजू शकतो. म्हणूनच आज पुष्कळांना काहीही त्रास नसताना रोग कळतो. “मला तर काही होत नाही,” असे म्हणून तो अहवाल घडी करून ठेवणे म्हणजे पाळ फुटेपर्यंत वाट पाहणे होय.

पहिल्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आले. साखर चमच्यानेच पोटात जाते असे नाही. पांढऱ्या भाताचे ताट, मुरमुरे, पोहे, उपवासाचा साबुदाणा, या सर्वांची पोटात साखरच होते.

इन्शुलिनचा शोध लागण्याआधी या रोगावर पथ्याशिवाय दुसरा इलाज नव्हता. १८७०-७१ मध्ये पॅरिस शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला आणि अन्न महाग झाले. तेव्हा बूशार्दा नावाच्या फ्रेंच डॉक्टराच्या ध्यानात आले की, त्याच्या काही मधुमेही रोग्यांच्या लघवीतील साखर नाहीशी झाली आहे. त्याने कमी खाणे आणि अंगमेहनत यांवर भर दिला. सुश्रुताचा नांगर आणि बूशार्दाची अंगमेहनत, दोघांत शेकडो वर्षांचे अंतर, पण सांगणे एकच.

आपल्या महाराष्ट्रात या पथ्याच्या काळातला ठळक रोगी म्हणजे लोकमान्य टिळक. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात नेले गेले. लोकमान्यांना मधुमेह होता. घरापासून शेकडो कोस दूर, परक्या हवेत, पथ्याचा आहार सांभाळीत त्यांनी १९१० च्या अखेरीपासून १९११ च्या आरंभापर्यंतच्या काही महिन्यांत ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९१४ मध्ये ते सुटले, पुन्हा चळवळीत उतरले, विलायतेला जाऊन आले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत वारले. मधुमेह निघाला म्हणजे सारे संपले, असे ज्याला वाटते त्याने हे चरित्र डोळ्यांसमोर आणावे. लोकमान्यांच्या हाताशी ना आजची गोळी होती, ना आजची तपासणी.

लोकमान्य गेल्यानंतर पुरते एक वर्षही लोटले नव्हते, तोच १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शस्त्रवैद्य आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी कामाला लागले. प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क काढला. जेम्स कॉलिप याने तो शुद्ध करण्याची रीत बसवली. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. मुलगा हाडांचा सापळा झाला होता. पहिला अर्क अशुद्ध होता, गुण बेताचाच आला. २३ जानेवारीला शुद्ध केलेला अर्क दिला आणि साखर उतरली. ज्या मुलांचे आईबाप त्यांच्या मरणाची वाट पाहत बसत, ती मुले आता उठून जेवू लागली. शोध लावणाऱ्यांनी त्याचे हक्क टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. १४ नोव्हेंबर हा बँटिंगचा जन्मदिवस. तोच जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे तो बालदिनही आहे. गुरुजींनी त्या दिवशी शाळेत ही हकीकत मुलांना जरूर सांगावी.

पुढे १९३६ मध्ये इंग्लंडच्या हिम्सवर्थने दाखवले की, मधुमेही रोगी दोन तऱ्हेचे असतात. काहींवर इन्शुलिनचा चटकन परिणाम होतो, काहींवर होत नाही. सुश्रुताची वाटणी आणि ही वाटणी तंतोतंत एक नाही, पण रोगी एकाच साच्याचे नसतात, हे दोघांनाही दिसले होते. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये झाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिन या औषधाचा रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. युरोपातील गॅलेगा नावाच्या एका वनस्पतीतील द्रव्याचा अभ्यास करता करता या औषधांचा माग लागला. आज दुसऱ्या प्रकारच्या रोग्याला बहुधा हीच गोळी प्रथम देतात. ती स्वस्त आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांतून दिली जाते.

आता दुसरा प्रश्न. राबणाऱ्या माणसाला हा रोग कसा?

एकेकाळी हा खरोखरच शहरातल्या सुखवस्तूंचा रोग समजला जाई. पण काळ पालटला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्याचे आकडे २०११ मध्ये आले. त्यांत महाराष्ट्राच्या शहरी भागात प्रौढांपैकी १०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के लोकांना मधुमेह आढळला. त्याच पाहणीचा देशभरचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील मधुमेही १० कोटींच्या वर गेल्याचे दिसले. खेड्यांतील प्रमाण ८.९ टक्के होते.

याचे एक कारण आपल्या शेतात आणि स्वयंपाकघरात आहे. पूर्वी धान उखळात कांडले जाई. तांदळावर थोडा कोंडा राही, आणि कांडणाऱ्या बाईची मेहनतही होई. गिरणी आली, तांदूळ पांढराशुभ्र झाला, कोंडा आणि मेहनत दोन्ही गेली. नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, चुरणीला यंत्र आले, बाजाराला पायी जाणारा मोटरसायकलवर बसला. रोवणीचे आणि कापणीचे दिवस सोडले तर वर्षाचे कित्येक महिने अंग हलत नाही. ताटातला भाताचा ढीग मात्र नांगर धरणाऱ्याच्याच मापाचा राहिला. यंत्राला किंवा रेशनच्या तांदळाला दोष देण्याचे कारण नाही. कंबरडे मोडणारे कष्ट कमी झाले आणि चूल पेटती राहिली, ही मोठीच गोष्ट आहे. फक्त बदललेल्या कामाला जुने माप चालत नाही.

दुसरे कारण शरीरात आहे, आणि ते पुण्याच्या संशोधनाने दाखवले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो होते. पण आपल्या बाळांत जे कमी होते ते मुख्यतः मांस. चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला काटकुळे, आतून चरबीचे. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे आणि डॉ. युडकिन या इंग्रज मित्राचे माप छापून दाखवले. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचा एकच, २२.३, पण चरबी मित्राच्या अंगात ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. संशोधकांचा तर्क असा की, पिढ्यान्‌पिढ्या आईला गरोदरपणी पुरेसे सकस अन्न न मिळाल्याने शरीर असे घडते. मग मोठेपणी थोडे जरी जास्त खाल्ले, थोडे जरी पोट सुटले, तरी तुडूम गंजू लागते.

मंडळी, म्हणून बारीक माणसाने “मी कोठे लठ्ठ आहे?” असे म्हणून निश्चिंत राहू नये. आणि घरातल्या गरोदर सुनेच्या ताटात डाळ, दूध, अंडे, पालेभाजी आधी वाढावी. पुढच्या पिढीचा मधुमेह थोपवण्याचे काम त्या ताटातूनच सुरू होते.

आता रोग नुकताच निघालेल्यांसाठी. १९७७ पासून इंग्लंडमध्ये नुकत्याच निदान झालेल्या ५,१०२ रोग्यांवर एक मोठा अभ्यास झाला. १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांची साखर कसून आटोक्यात ठेवली, त्यांच्यात डोळे, मूत्रपिंड अशा नाजूक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे चौथ्या हिश्शाने कमी झाले. २००८ मध्ये पुन्हा पाहिले, तर अभ्यास संपून दहा वर्षे लोटल्यावरही आरंभी घेतलेल्या काळजीचा लाभ टिकून होता. शेतकऱ्याला हे सांगायला नको. पऱ्हे चांगले निघाले तर पुढचे पीक चांगले. पहिली काही वर्षे ही पऱ्ह्यांची वर्षे समजा.

ताटापासून सुरुवात करा. निम्मे ताट पालेभाजी, वांगी, दोडकी, काकडी यांनी भरा. पाव ताटात डाळ, उसळ, अंडे किंवा तलावाची मासळी. उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी. भात सोडा असे कोणी म्हणत नाही. चिन्नोरचा सुगंध भंडाऱ्याच्या माणसाला कोण सोडायला लावील! पण तो वाटीने मोजून घ्या, आणि भाजी-डाळीबरोबर खा. धुऱ्यावरची तूर सगळी बाजारात न नेता थोडी घरात ठेवा. पेज काढली म्हणजे भात हवा तितका चालतो, असे नाही. गूळ आणि मध हे साखरेचेच भाऊ. कारले खा, जांभूळ खा. पण त्यांच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करू नका.

दुसरे, चालणे. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, झपझप. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे पाळीवरून फेरी मारली तरी स्नायू साखर ओढून घेतात. सुश्रुताची शंभर योजने अशी रोज थोडी थोडी पुरी करावी. मात्र त्याची एक गोष्ट आज घेऊ नये. अनवाणी चालू नये. मधुमेहात पायांची जाणीव कमी होत जाते. काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. रोवणीचा चिखल तुडवून आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करून, उजेडात तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगावे. विडी-तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात, म्हणून ती सोडावी.

तिसरे, मोजणे. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, आणि पुन्हा तपासूनही तेच, तर मधुमेह ठरतो. उपचार चालू असता बहुतेकांची उपाशीपोटीची साखर ८० ते १३० च्या दरम्यान आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असावी, असे डॉक्टर मानतात. ‘एचबीएवनसी’ नावाची तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब सांगते. तो अंक साधारण ७ च्या खाली राहावा. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर हे माप बदलतात. डोळे आणि लघवी वर्षातून एकदा तपासावी. रक्तदाबही वरचेवर पाहावा.

आणि गोळी. एका तपासणीत साखर बरोबर आली की गोळी सोडणारे पुष्कळ आहेत. अहो, साखर बरोबर आली ती गोळीने, पथ्याने! काही रोग्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवून औषधाशिवाय साखर ताब्यात आणली आहे. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये अशा एका प्रयोगात जवळजवळ निम्म्या रोग्यांना ते साधले. पण ते सारे जादा वजनाचे होते, आणि त्यांचा रोग सहा वर्षांच्या आतला होता. आपला काटकुळा शेतमजूर हे ऐकून उपास करू लागला तर त्याचे नुकसानच होईल. त्याला डाळ, दूध, अंडे आणि डॉक्टरांचे औषध हवे. कृशाला जपावे, हे सुश्रुताचे सांगणे येथे पुरेपूर लागू पडते.

इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याची साखर कधी एकदम उतरते. घाम फुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या वेळी पथ्य बाजूला ठेवून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, आणि बरे वाटल्यावर जेवू घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे. उपाशीपोटी दारू घेतली तर हा धोका वाढतो. मंडईच्या दिवसांत हे विशेष ध्यानात ठेवावे.

तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची रक्तदाब आणि साखर यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. काहीही त्रास नसला तरी ती करून घ्यावी. गुरुजींनी ग्रामसभेत हे सांगितले तर लोक ऐकतील. आणि ज्याला रोग निघाला त्याने तो लपवू नये. घरात एकाला पथ्य आणि बाकीच्यांना भाताचे डोंगर, असे पथ्य टिकत नाही. सारे घर एका ताटाचे झाले तर रोग्याला आधार मिळतो, आणि ज्यांना अजून हा रोग झालेला नाही त्यांचाही बचाव होतो.

मुंगीपासून रक्ताच्या थेंबापर्यंत पोहोचायला माणसाला दोन हजार वर्षे लागली. पथ्य आणि मेहनत पूर्वजांनी सांगून ठेवली होती. तपासणी आणि औषध नव्या शास्त्राने दिले. लोकमान्यांच्या काळी कोणत्याही पैशाला न मिळणारी गोष्ट आज आपल्या गावच्या केंद्रात मिळते. ती घ्यावी, वेळेवर घ्यावी, आणि आपल्या कामाला लागावे.